सेहेचाळीस लेझर आणि केडगावची दुपार

नोकरीच्या एकतीस वर्षांत मी स्वतःचं नाव जितक्या वेळा ऐकलं नसेल तितक्या वेळा "नेट का गेलं?" हा प्रश्न ऐकला. लग्नाच्या पंगतीत ऐकला, न्हाव्यापुढे गालाला साबण लावून बसलो असताना ऐकला, एकदा तर चुलत मेव्हण्याच्या दहाव्याला घाटावर ऐकला. नेट चालू असताना मात्र कुणी आवर्जून फोन केल्याचं आठवत नाही. तक्रार नाही. उलट, ज्या दिवशी आपली आठवण कुणाला आली नाही तो दिवस चांगला गेला असं मानायची सवय लागली. पण अशा धंद्यात खरोखर चांगलं काम करणारं माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही. माझ्याही भरलं नव्हतं. म्हणून हा लेख माझ्या नोकरीचा असला तरी त्यातली मोठी जागा रेहाना तांबोळीला देतो.

आधी आमचं काम सांगतो. शिरूरपासून निमोणे, न्हावरे, केडगाव करत दौंडपर्यंत जमिनीखालून काचेची केबल गेली आहे. काच केसाएवढी, आणि तिच्यातून उजेड धावतो. प्रत्येक गावी एका खोलीत लोखंडी कपाट, कपाटात स्विच नावाची पेटी आणि पेटीला ओळीने भोकं. प्रत्येक भोकात बोटाएवढा धातूचा तुकडा बसतो. कागदोपत्री तो ट्रान्सीव्हर, आमच्या तोंडी एसएफपी. त्याच्या पोटात एक बारीक लेझर असतो, तो उजेड पाठवतो. शेजारी एक डोळा असतो, तो पलीकडच्या गावाहून आलेला उजेड बघतो. डेअरीचं संकलन, कारखान्याची हजेरी, नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या तुकड्यातून जातं.

हा तुकडा आपली तब्येत आपणच सांगतो. अंग किती तापलंय, व्होल्टेज किती मिळतंय, लेझर किती करंट ओढतोय, किती उजेड पाठवतोय आणि किती उजेड पोचतोय. हे आकडे आम्हाला शिरूरच्या ऑफिसात स्क्रीनवर दिसायचे. मर्यादेच्या आत असले की हिरवे, कडेला गेले की पिवळे, बाहेर गेले की लाल. मी कित्येक वर्षं तो हिरवा रंग बघून निवांत घरी जेवायला गेलो.

एकदा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी शिरूरच्या एसएफपीने गाऱ्हाणं घातलं की निमोण्याकडून येणारा उजेड निम्म्याहून कमी झालाय. मी शिरूरचा तुकडा बदलला. फरक नाही. केबलची शेपटी बदलली. फरक नाही. दुसराही नवा तुकडा घातला आणि चिडून कंपनीच्या खरेदी विभागाला दोन शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी निमोण्याला गेलो. तिथलं कपाट दगडूमामांच्या शेडमध्ये होतं आणि खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. कपाट उघडलं तर प्रत्येक भोकाला हळदकुंकू, वर अक्षता. मामांनी पूजेआधी सगळ्या केबली उपसून ओल्या फडक्याने पुसल्या होत्या आणि पूजा झाल्यावर मोजून परत लावल्या होत्या. कुंकवाचा कण काचेच्या तोंडावर बसला की पलीकडे अंधार, हे त्यांना कोण सांगणार?

"मामा, हे काय केलंत?"

"वरीसभर राबतंय ते बिचारं," मामा म्हणाले. "ट्रॅक्टरला कुंकू लावलं, मोटरला लावलं, मग ह्यानंच काय घोडं मारलं?"

त्या दिवशी मला एक अक्कल आली. जो एसएफपी कमी उजेडाची तक्रार करतो तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो; दुखणं पलीकडच्या टोकाला नाहीतर वाटेत असतं. आम्ही माणसंही ओरडणाऱ्यालाच औषध पाजतो.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत रेहाना आमच्याकडे आली होती. केडगावची मुलगी, डिप्लोमा झालेला, वय तिशीच्या आसपास, नेमणूक दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या कंत्राटावर. मी तिला मामांची गोष्ट हसत हसत सांगितली. ती हसली नाही. भंगारातला एक मेलेला एसएफपी तिने निमोण्याच्या पेटीत अगदी कडेच्या रिकाम्या भोकात बसवला, त्याला लाल दोरा बांधला आणि मामांना म्हणाली, "मामा, ह्यो सगळ्यांचा मुखिया. ह्याची पूजा केली की सगळ्यांना पोचती."

"आन् बाकीच्यांना?"

"बाकीचे ड्युटीवर हायती. त्यांना हात लावायचा न्हाई."

मामांना ते पटलं. त्यानंतर निमोण्याचा उजेड सणावारी कधी कमी झाला नाही. माझ्या डोक्यात मात्र मामांना नियमावलीचा कागद चिकटवून द्यायचा, एवढंच आलं होतं.

तिची खरी करामत वेगळीच होती. तिच्या ताब्यात शिरूर-दौंड मार्गावरचे सेहेचाळीस एसएफपी होते. नवा तुकडा बसवला की पहिल्या दिवशी लेझर किती करंट ओढतो ते ती पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून त्याच्या ओढायच्या कडीला लावायची. मग दर मंगळवारी दुपारी बरोबर दोन वाजता सगळ्यांचं वाचन घेऊन चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायची. प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र कागद. मुख्यालयाची यंत्रणा हेच वाचन रोज पहाटे आपोआप घेत असताना हिने हा उद्योग का करावा, मला कळत नव्हतं. एकदा विचारलं, तर म्हणाली, "सर, माझी आई अंगणवाडीत हाय. लेकरांची वजनं घेती. एकाचं उपाशीपोटी आन् दुसऱ्याचं जेवल्यावर घेतलं तर काय कळायचं? लेझरचं खरं दुपारी कळतं. पहाटं सगळेच गार असतात."

"पण आकडा तर मर्यादेत आहे ना?"

"कमी वजनाचं पोरगं कुणालाबी दिसतं. आई म्हणती, वजन चांगलं असून ज्याची तक्त्यावरची रेघ खाली वळली, त्याच्या घरी आज जा."

लेझरबद्दल हे शंभर टक्के खरं आहे, आणि ते मला, तिच्या साहेबाला, तिच्याकडून शिकावं लागलं. लेझर म्हातारा होऊ लागला की उजेड कमी होत नाही. आतली यंत्रणा त्याला जास्त करंट पाजते आणि उजेड तेवढाच ठेवते. पाठवलेल्या उजेडाचा आकडा महिनोन्महिने हलत नाही, करंट तेवढा हळूहळू चढतो. मग एखाद्या उन्हाच्या दुपारी कितीही पाजलं तरी तो उठत नाही. उजेडाकडे बघत बसणाऱ्याला वाटतं, कालपर्यंत तर चांगला होता.

आता माझी चूक सांगतो. रेहानाने एका उन्हाळ्यात निमोण्याचा एक एसएफपी बदलायला लावला. स्क्रीन हिरवी होती. तिची रेघ वर वळली होती. लाइन बंद करून तुकडा बदलला आणि काढलेला तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. अहवाल आला, तुकडा निर्दोष. वरून विचारणा झाली की चालू लाइन विनाकारण का बंद केली. विभागीय साहेबांनी मेमो तयार करून पाठवला: पुन्हा असा खोटा इशारा दिल्यास कंत्राटाचा फेरविचार होईल. खाली माझी सही हवी होती. रेहानाने खुलाशाला आपला आलेख जोडला होता. तो घडी घातलेला कागद मी उघडलाच नाही. सही केली आणि चहा मागवला.

पुढल्या उन्हाळ्यात ती शिरूरला माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. केडगावहून न्हावऱ्याकडे उजेड पाठवणारा एसएफपी बसवला तेव्हा करंट तीस मिलिअँपिअर होता, वर्षभर बत्तीसवर राहिला, आणि गेल्या पाच मंगळवारांत छत्तीस, एकेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, साठ. कंपनीने ठरवलेली धोक्याची मर्यादा ऐंशी. स्क्रीन अर्थातच हिरवी.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, गेला तर जाईल. आमची केबल दौंडहून दुसऱ्या वाटेने शिरूरला परत येते, रिंगसारखी; एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालतं. पण दुसरी बाजू रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली होती आणि जोडायची परवानगी अडकली होती. शिरूरचा सगळा भार केडगावच्या त्या एका तुकड्यावर. त्यातच शिरूरच्या कॉलेजात बारावीनंतरच्या प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा दहा दिवस चालणार होती, रोज दोन पाळ्या.

मी पुण्याला विभागीय साहेबांना फोन लावला. तुकडा बदलायचं काम मिनिटाचं, पण लाइन पंधरा मिनिटं बंद ठेवायची परवानगी घ्यावी लागते. साहेब म्हणाले, "एकुलती एक लाइन चालू आहे आणि सगळे पॅरामीटर हिरवे आहेत. त्याच बाईचा इशारा आहे ना? लाइनला हात लावायचा नाही." त्यांच्या खुर्चीत मी असतो तरी हेच म्हटलं असतं. फोन स्पीकरवर होता. रेहाना पुढे वाकून म्हणाली, "सर, मी लिहून देते. दहा दिवसांत हा एसएफपी जाईल. न्हाई गेला तर माझं कंत्राट वाढवू नका."

साहेब म्हणाले, "द्या लिहून."

तिने लिहून दिलं. मी गुपचूप केडगावला जाऊन स्वतःच्या जबाबदारीवर तुकडा बदलू शकलो असतो. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, कुणी माझं काय वाकडं करणार होतं? पण मी गेलो नाही. याची खंत आजही आहे आणि ती इथे लिहायचीच होती.

रेहाना काय करत होती ते मला केडगावच्या वॉचमनकडून कळलं. सकाळी साडेआठला, परीक्षा सुरू व्हायच्या आत, ती कपाटासमोर स्टूल टाकून बसायची आणि संध्याकाळी दुसरी पाळी सुटल्यावर उठायची. नवा एसएफपी तपासून, डोळा पुसून, मांडीवर रुमालात ठेवलेला. जेवणाचा डबा तिथेच. खोलीत नुसता पंखा. आठव्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी करंट एकाहत्तरला पोचला, पाठवलेला उजेड एकदम कोसळला आणि लाइन गेली. तिने केबल काढली, कडी ओढून जुना तुकडा उपसला, नवा सरकवला, केबल लावली. पन्नास सेकंद. कॉलेजात मुलांच्या स्क्रीनवर गोल फिरणारी खूण आली आणि गेली. एका पर्यवेक्षकाने खिडकीबाहेर बघितलं, एवढीच त्या घटनेची शिरूरला दखल.

मला वाटलं, झालं, आता पोरगी सुटली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"लाइन पन्नास सेकंद गेली होती. लॉगमध्ये एसएफपी काढल्याची नोंद आहे. तो आपोआप गेला, की तिने काढला म्हणून लाइन गेली?"

करंटचं वाचन पहाटे एकदाच व्हायचं; लाइन आणि उजेड ठीक आहे का, एवढी विचारपूस त्यांची यंत्रणा पाच मिनिटांनी एकदा करायची. त्या दोन विचारपुशींच्या मध्ये सगळं उरकलं होतं. उजेड कोसळल्याचा आकडा कुठेच नोंदला गेला नव्हता, राहिली ती फक्त तुकडा काढल्याची नोंद. ती जरा सावकाश असती, पाच-सात मिनिटं लाइन पडू दिली असती, मुलांचा खोळंबा होऊ दिला असता, तर तिचं खरं झालं असतं. आता कागदावर असं दिसत होतं की नोकरी वाचवायला एका बाईने परीक्षा चालू असताना चांगला तुकडा उपसला.

मी पुण्याला निघालो; वाटेत केडगावजवळच्या चौफुल्यावर वॉचमनने तो एसएफपी आणून दिला, तो खिशात घातला. तिथूनच रेहानाला फोन केला. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सर, लॅबमध्ये एसी असणार. तिथं त्यो उजेड देईल. तुम्ही दचकू नका. त्यांना म्हणावं, ह्याला केडगावची दुपार द्या."

प्रयोगशाळेत तेवीस डिग्री थंडावा होता. इंजिनिअरने तुकडा पेटीत सरकवला, आणि उजेड आला. झक्क. साहेबांनी स्क्रीनकडे बोट केलं. करंट जास्त होता, पण मर्यादेत. हिरवा.

"साहेब," मी म्हणालो, "केडगावला एसी नाही. पेटीचा पंखा दाबून धरला तर चालेल का?"

परवानगी मिळायच्या आधीच मी खिशातला रुमाल पंख्याच्या जाळीवर धरला. आयुष्यात विनापरवानगी केलेलं माझं हे एकमेव तांत्रिक काम. आकडे चढू लागले. चाळीस डिग्री, पंचेचाळीस, पन्नास. करंट साठ, सहासष्ट, सत्तर. चौपन्नाला करंट एकाहत्तर झाला आणि उजेड गेला. स्क्रीन लाल. रुमाल काढला, तुकडा निवला, उजेड परत आला, जसं काही झालंच नाही.

इंजिनिअर उठला, कपाटाचा खण उघडला आणि पाकिटातून एक जुना तुकडा काढला. कडीला रेहानाच्या अक्षरातली पांढरी पट्टी. निमोण्याचा, गेल्या वर्षी निर्दोष ठरलेला. तो पेटीत घातला. रुमाल या वेळी साहेबांनी स्वतः धरला. एक्कावन्न डिग्रीला तोही गेला.

मी तिथेच बसून हाताने पत्र लिहिलं. गेल्या वर्षीचा इशारा खरा होता, मेमो चुकीचा होता, सही माझी होती, आणि ती मी मागे घेत आहे. साहेबांनी ते वाचलं, मेमो रद्द केल्याचा शेरा मारला आणि कंत्राट वाढवायच्या कागदावर सही केली. माणूस वाईट नव्हता. पुढे पहाटेचं वाचन बंद होऊन दुपारचं सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून करंट किती चढला याचा एक रकाना सगळ्या जिल्ह्याच्या स्क्रीनवर आला. तो रकाना कुणाच्या डोक्यातून निघाला, हे त्यावर लिहिलेलं नाही.

पत्राची प्रत घेऊन मी तसाच केडगावला गेलो. रेहाना चौकटीचे कागद पसरून बसली होती. तिने पत्र सावकाश वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. मी म्हणालो, "रेहाना, त्या सहीचं वाईट वाटतं मला."

"सहीचं काय न्हाई, सर," ती म्हणाली. "वरून आल्यावर सही करावीच लागती. पण मी जोडलेला कागद तुम्ही उघडून तरी बघाल असं वाटलं हुतं. घडी तशीच परत आली."

मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसलो. तिने काही न विचारता कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. तिच्यासोबत इतकी वर्षं काम करून मी ते आलेख पहिल्यांदा बघत होतो. बहुतेक रेघा सपाट, शांत. एक, दोन, पाच, दहा. चौदाव्या कागदाशी माझा हात थांबला. आकडे सगळे हिरव्यातले, पण शेवटचे तीन ठिपके किंचित वर सरकले होते. मी बोट ठेवून विचारलं, "हा?"

तिने कागदाकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं.

"दिसलं की तुम्हाला," ती म्हणाली.